चि. निखिल, आधी ठिपक्यांची ओळ बघ

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो बघितले, व्हिडिओ पण दोनदा बघितला. 1972 चं टेक्निक्स एसएल-1200 रेकॉर्ड प्लेअर, म्हणजे पहिलंच मॉडेल, आणि ते पण ओसाकात, जंक म्हणून ठेवलेल्या ढिगातून. ते बनवणारी मात्सुशिता कंपनी तुझ्या बाजूच्या कादोमाची. त्यांनीच 1970 मध्ये एसपी-10 काढलं, बाजारात आलेलं पहिलं डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल ते, म्हणजे पट्ट्याशिवाय मोटरच थेट थाळी फिरवते असं. तुझ्या मशीनचे पुढचे भाऊबंद 2010 पर्यंत बनत होते, मग बंद झाले आणि 2016 ला परत सुरू झाले. सांगायचं कारण असं की तू जे उचललंस ते भंगार नाही, आणि मला मनापासून आनंद झालाय.

आता तू लिहिलंयस की ऑनलाइन सगळ्या कंडेन्सरचं (बोर्डवरचे वीज साठवणारे पार्ट) किट मिळतं, ते मागवतो आणि रविवारी बसून सगळे एका दमात बदलतो. तसं करू नकोस. चाळीस एक पार्ट काढून लावल्यावर मशीन बंद पडलं तर जुना फॉल्ट कुठला आणि तुझ्या हाताने झालेला कुठला हे कळायला मार्गच राहत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला रिपेअरच्या बाकावर बसायचो तेव्हापासून माझी एकच पद्धत आहे, एक फॉल्ट धरायचा, एक गोष्ट बदलायची, चालवून बघायचं, मग पुढची. वेळ जास्त जातो असं वाटतं पण जात नाही.

तर पहिला फॉल्ट, स्पीड. तू म्हणतोस थाळीच्या कडेचे, स्पीड तपासायचे ठिपके थांबतच नाहीत, मागे पळतात, स्पीड कमी-जास्त करायचा पिच नॉब पूर्ण फिरवला तरी. व्हिडिओत मी बघितलं, तू ज्या ओळीवर बोट ठेवलंयस ती मला 50 हर्ट्झची वाटते. जपानमध्ये वीज एक नाही रे, पूर्वेला टोकियोकडे 50 आणि पश्चिमेला तुझ्याकडे 60, कारण 1890 च्या दशकात टोकियोने जनरेटर जर्मनीहून आणले आणि ओसाकाने अमेरिकेहून, ते आजतागायत तसंच चाललंय. स्ट्रोबचा, म्हणजे ठिपक्यांवर पडणारा निऑन दिवा मेन्सवर (भिंतीतल्या विजेवर) लुकलुकतो, 50 ला सेकंदाला 100 वेळा आणि 60 ला 120 वेळा. हिशोब करून बघ, ठिपके थांबलेले दिसायला 33⅓ ला (मिनिटाच्या फेऱ्या) 50 साठी एका फेऱ्यात 180 ठिपके लागतात आणि 60 साठी 216. तू 180 ची ओळ ओसाकात बघितलीस तर स्पीड अगदी बरोबर असला तरी ठिपके मागेच पळणार, आणि तुला वाटणार मशीन स्लो आहे. नॉबची रेंज साधारण पाच टक्के वर-खाली, आणि इथे फरक वीस टक्क्यांचा, म्हणजे कितीही पिळलास तरी ते थांबणार नाहीत. दुसरी ओळ बघ आणि मला सांग. मोटरचा स्वतःचा स्पीड मेन्सच्या हर्ट्झवर चालत नाही, तो आतलं कंट्रोल सर्किट धरून ठेवतं, त्यामुळे बरोबर ओळीत पण ठिपके सरकले तरच खरा फॉल्ट समजायचा.

आणि तो दिवा काढून तिथे साधा एलईडी लावायचा विचार सोड. डीसीवरचा एलईडी एकसारखा जळतो, लुकलुकत नाही, मग ठिपके बघायचे कसे. त्या दिव्याकडे हाय व्होल्टेज असतो, तिथे हात घालताना प्लग भिंतीतून काढलेला पाहिजे, नुसता स्विच ऑफ नाही.

बरोबर ओळ बघूनही स्पीड उड्या मारत असेल, म्हणजे मिनिटभर ठीक आणि मग एकदम सुटतो, तर नव्वद टक्के पिच नॉबचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) खराब आहे. पन्नास वर्षं एकाच जागी उभा राहिलेला कार्बनचा ट्रॅक, त्यावर काळपट थर बसतो. प्लग काढ, कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत बारीक नळीने मार, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरव. 33-45 च्या स्विचला पण तेच. मग पंधरा मिनिटं वाळू दे. बोर्डवरच्या प्रीसेटना (स्क्रूने फिरवायचे छोटे पॉट) मात्र हात लावायच्या आधी त्यांची आहे ती जागा मार्करने खूण करून ठेव, फोटो काढ. गंज सोडवायचा स्प्रे तिथे चुकूनही नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

तरी सुटतोय? मग बोर्ड काढून सोल्डरच्या बाजूने भिंगातून बघ. चांगला जोड चकचकीत असतो, पिनेभोवती नीट चढलेला. ड्राय सोल्डर झालेला जोड राखाडी दिसतो आणि पिनेभोवती केसाएवढी गोल रेष दिसते, जशी काही पिन त्या डबक्यात नुसती उभी आहे. मोटरच्या वायर आणि कनेक्टर जिथे बोर्डला येतात तिथे पहिल्यांदा शोध. थोडा फ्लक्स, नवीन सोल्डर, दोन सेकंद टीप टेकव, बास. त्यानंतरच कंडेन्सर, आणि ते पण आधी पॉवर सप्लायचे मोठे. व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढाच किंवा जास्त, 105 डिग्रीवाले घे, आणि मायनसची पट्टी कुठल्या बाजूला होती ते काढायच्या आधी बघ. एक बदललास की चालव.

दुसरा फॉल्ट, डावा चॅनल मुका. हा बोर्डात शोधू नकोस, आर्ममध्ये शोध. हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसतं तो भाग) चार पिना आणि आर्मच्या कॉलरमधल्या चार पिना, यावरच काळं चढतं. पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने घास, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. नाहीच आला आवाज तर कार्ट्रिजमागच्या (सुई बसवलेला भाग) वायर बघ, पांढरी आणि निळी डाव्याची, लाल आणि हिरवी उजव्याची. दोन्ही बाजू अदलाबदल कर, मुका चॅनल बाजू बदलला तर दोष कार्ट्रिजमध्ये, तिथेच राहिला तर वायरिंगमध्ये. चिमट्याने वायरच्या टोकाची टोपी धरून काढ, वायर ओढू नकोस, त्या केसासारख्या असतात. हम (घुमणारा आवाज) येतोय तो बहुतेक अर्थिंगची वायर अँपला न लावल्यामुळे, ती लाव आधी.

स्पिंडलला हलकं मशीन ऑइल, दोन-तीन थेंब, तेवढंच. घरातलं खोबरेल नको, थंडीत थिजतं.

रेकॉर्डवर चालणारी पिन (सुई) जुनी आहे, ती फेक. तू पाठवलेल्या यादीतलं ऑडिओ टेक्निका एटी-व्हीएम95ई कार्ट्रिज चांगलं आहे, पिनेचं रेकॉर्डवरचं वजन दोन ग्रॅम ठेव. आधी आर्म मागच्या वजनाने हवेत आडवा तरंगेल असा बॅलन्स कर, डायल शून्यावर आण, मग दोनवर. कमी वजनाने रेकॉर्ड वाचेल हा लोकांचा गैरसमज आहे, पिन खोबणीत उडत राहिली तर जास्त खरवडते.

स्पीडसाठी एवढा जीव का काढतोय ते तुला माहितीये. आप्पांच्या नाट्यसंगीताच्या एलपी तुझ्याकडे आहेत. साधारण सहा टक्के स्पीड वाढला की अर्धा स्वर चढतो, गाणारा पेटीच्या काळी एकमध्ये गातोय आणि तुला पांढरी दोन ऐकू येतं. तंबोरा पातळ वाटतो, तान घाईत आल्यासारखी वाटते, आणि ऐकणारा म्हणतो की आवाज असाच असेल. तो असा नव्हता. आप्पांनी त्या रेकॉर्ड पेटीवर सूर लावून ऐकलेल्या आहेत, कव्हरच्या आत पेन्सिलीने स्वर लिहिलाय, फोनवर ट्यूनर लावून जुळव. ठिपके डोळ्यांना सांगतात, ही खूण कानाला सांगेल.

पुढे कधी हे इथे डोंबिवलीला आणलंस तर 230 व्होल्टवरून 100 चा ट्रान्सफॉर्मर लागेल, तो मी गुंडाळून ठेवतो. आणि इथे 50 ची ओळ बघायची. 45 वर मात्र 50 हर्ट्झला हिशोब पुरा बसत नाही, एका फेऱ्याला 133.33 येतं, ठिपके तर 133 च असणार, म्हणून ते अगदी स्थिर दिसले तरी पाव टक्का स्पीड जास्त असतो. तुझ्याकडे 60 ला बरोबर 160 येतात, म्हणून आईच्या छोट्या 45 च्या रेकॉर्ड तिथेच तपासून घे.

बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो उजेडात काढून पाठव. मल्टीमीटर घेतलास का ते पण कळव.

तुझे बाबा