ग्रुपातला 'शेतकरी' निघाला कंपनीचा माणूस

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या औसा भागातल्या सोयाबीनवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात एक भाऊ दोन महिन्यांपासून एकाच टॉनिकचं कौतुक करायलेत, कधी फोटो तर कधी 'माझ्या रानात बगा शेंगा कशा लगडल्यात', अन् कुणी भाव विचारला की लगेच दुकानाचा नंबर. मी पण दोन बाटल्या आणून फवारल्या, फरक काहीच नाही. नंतर कळलं की त्यांना बाटलीमागं कमिशन आहे अन् फोटोतलं रान त्यांचं नव्हतंच!

जाहिरात करा ना, कोण नको म्हणतंय, पण कंपनीकडून पैसे भेटतेत हे सांगून करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, २०२२ च्या केंद्राच्या नियमात तर कंपनीशी संबंध असला तर तो उघड सांगायचाच आहे. तक्रारीला १९१५ नंबर पण आहे. पण माणूस पाहुण्यारावळ्यातला, फोन लावणार कोण, पुढच्या महिन्यात त्याच्याच पोराच्या लग्नात जेवायला जायचंय.

तुमच्या शेतीच्या पानावर याच्याबद्दल एकदा सविस्तर छापा.

— एक सोयाबीन उत्पादक, ता. औसा, जि. लातूर