पुरस्कार कशासाठी, हेही सांगावे

मा. संपादक,

जानेवारीतील पत्रकार दिनापासून फेब्रुवारीअखेरच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत नाशिकमध्ये पत्रकारिता, साहित्य आणि संगीताच्या पुरस्कारांची रेलचेल असते. यंदा अशाच एका वार्षिक समारंभाला मी हजर होतो. पाच पत्रकारांचा सत्कार झाला. निवेदकाने प्रत्येकाचे नाव, गाव आणि सेवेची वर्षे वाचून दाखवली, शाल-श्रीफळ झाले. मात्र कोणत्या बातमीसाठी वा लेखासाठी हा गौरव आहे, हे एकाच्याही बाबतीत सांगितले गेले नाही. त्यांत पेठ तालुक्यातील एक वार्ताहर होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाठून विचारले, तेव्हा त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले कात्रण काढले. एका पाड्यावरच्या बायका भल्या पहाटे विहिरीत उतरून वाटी-वाटीने पाणी भरतात, अशी ती बातमी होती आणि ती छापून आल्यावर आठवडाभरात तिथे टँकर सुरू झाला होता. इतक्या मोलाच्या कामाला व्यासपीठावरून एक वाक्यही मिळू नये, याचे मला फार वाईट वाटले.

अमेरिकेतील पत्रकारिता व साहित्यासाठीची पुलित्झर पारितोषिके वृत्तपत्र-मालक जोसेफ पुलित्झर यांच्या मृत्युपत्रानुसार १९१७ पासून कोलंबिया विद्यापीठातर्फे दिली जातात. १९४३ पासून त्यांत संगीताचाही समावेश आहे. तेथे विजेत्याच्या नावासोबत त्याच्या कामाचे मोल एक-दोन वाक्यांत सांगितले जाते, अंतिम यादीतील इतरांची नावेही जाहीर होतात आणि विजेत्या बातम्या पुढे कोणालाही वाचता येतात. म्हणूनच भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दीकी आणि रॉयटर्स वृत्तसंस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांना २०१८ मध्ये रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी पारितोषिक मिळाले, हे आपल्यालाही नेमकेपणाने ठाऊक असते. लोकसेवेसाठीचे सुवर्णपदक तर व्यक्तीला नव्हे, वृत्तपत्राला किंवा वृत्तसंस्थेला मिळते. शिवाय कोणत्याही नावावर बहुमत झाले नाही तर पारितोषिक न देण्याची तयारीही असते. २०१२ मध्ये कथा-कादंबरीचे पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. आपल्याकडे संख्या भरण्यासाठी नावे शोधली जातात, अशी कुजबुज नेहमी कानावर येते. ती थांबवायची तर हाच मार्ग आहे.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार मी यातून वेगळा धरतो. १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांपासून सुरू झालेला आणि एक वर्षाआड दिला जाणारा हा सन्मान साहित्यिकाच्या समग्र कर्तृत्वाचा आहे. तेथे एखाद्याच कृतीकडे बोट दाखवण्याची गरज नाही. वार्षिक पुरस्कार मात्र त्या वर्षीच्या कामाला असतो, तेव्हा ते काम लोकांपुढे यायलाच हवे.

त्यासाठी फार खर्चही येणार नाही. मानपत्रात बातमीचे शीर्षक व तारीख, पुस्तकाचे नाव किंवा गायकाच्या बाबतीत ती मैफल नमूद करावी. परीक्षकांची नावे आणि निवडीचे कारण समारंभात वाचून दाखवावे. पुरस्कारप्राप्त बातम्यांच्या प्रती १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाकडे दिल्या, तर पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना त्या अभ्यासता येतील. आपल्या दैनिकानेही अशा समारंभांची बातमी छापताना सत्कारमूर्तींच्या रांगेच्या छायाचित्राऐवजी प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या कामाची एक ओळ द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक