तांबड्या रेघांचे आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही आखून दिलेली स्कोअरची वही संपत आली. एरवी पोहे खाता खाता तोंडीच आभार मानले असते. पण त्या वहीत जे आहे ते पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) अपुरे असणाऱ्या कुठल्याही बेसबॉल संघाच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहितोय.

आधी आभार ३०, ४५ आणि ६० या आकड्यांखाली ओढलेल्या तांबड्या रेघांचे. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत १५ ते १८ वयाच्या पिचरने सामन्यात ३० पर्यंत चेंडू टाकले तर सक्तीची विश्रांती नाही. ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन दिवस. सतरा-अठराच्या मुलाला ६१ ते ८० ला तीन, आणि त्यापुढे चार. हा तक्ता कुणालाही मिळतो. तुम्ही त्यातून काढलेला अर्थ मात्र आमच्या लक्षात आला नव्हता: एकतिसावा चेंडू अख्खा दिवस खातो. २९ वर असलेल्या मुलाला ‘अजून एक बॅटर’ म्हणून ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न त्या बॅटरचा नसून उद्याच्या सामन्याचा असतो.

हिशेब साधा आहे. एका इनिंगला, म्हणजे समोरच्या संघाचे तीन गडी बाद होईपर्यंतच्या पाळीला, सोळा चेंडू धरले तर सात इनिंगच्या सामन्याचे ११२ होतात. सतरा-अठरा वयाची दिवसाची कमाल मर्यादा १०५, पंधरा-सोळाची ९५. म्हणजे चांगला दिवस असला तरी एकटा पिचर सामना पुरा करत नाही. भोक आधीपासूनच आहे. ते सहाव्या इनिंगला, समोरचे तीन गडी बेसवर (धावेच्या टप्प्यांवर) असताना शोधायचं की सकाळी वहीत लिहून ठेवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

शुक्रवार ते रविवार तीन सामने असले की जुनी पद्धत अशी: शुक्रवारी सगळ्यात चांगल्या मुलाकडून ८० चेंडू टाकून घ्यायचे. सामना जिंकला तरी तो थेट मंगळवारी मोकळा होतो. तुमच्या पानावर पाच जण आहेत. शुक्रवारी पहिला ४५, दुसरा ४५, तिसरा २०. शनिवारी चौथा ६०, पाचवा ३० आणि पुन्हा तोच तिसरा २०. रविवारी पहिला आणि दुसरा एका दिवसाच्या विश्रांतीनंतर हजर, आणि सोमवारी सामना नसल्यामुळे त्यांना पंचेचाळीसच्या पुढेही नेता येतं. शिल्लक राहिलेले पाचव्याकडे. तिसऱ्याला सलग तिसऱ्या दिवशी चेंडू द्यायचाच नाही. एवढी मांडणी एका पानात बसते. आम्ही इतकी वर्षं ती डोक्यात ठेवायचा प्रयत्न करत होतो.

दुसरे आभार मधल्या गड्याला मान दिल्याबद्दल. मधे येऊन दोन-तीन इनिंग टाकणारा रिलीव्हर (बदली पिचर) म्हणजे उरलासुरला पिचर, ही समजूत फार चिवट आहे. त्याचं काम उलट जास्त अवघड असतं. तीन इनिंग म्हणजे बारा-तेरा बॅटर, म्हणजे नऊ जणांच्या फळीतले तीन-चार जण त्याला दुसऱ्यांदा भेटणार. एका इनिंगचा रिलीव्हर नुसत्या वेगावर निभावून नेतो, याला चेंजअप (वेगवान वाटणारा पण संथ येणारा चेंडू) हवाच. तो स्टार्टरपेक्षा (सामना सुरू करणाऱ्या पिचरपेक्षा) वेगळाही दिसला पाहिजे: आधी वेगवान तर मग संथ, आधी उजवा तर मग डावा. आणि त्याला आणायचं ते नव्या इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असताना. दुसऱ्याने पेटवलेली आग विझवायला उभा केलेला मधला गडी पहिल्याच इनिंगला पंचवीस चेंडू खर्च करतो आणि पुढच्या दोन इनिंगचं गणित तिथेच कोसळतं.

अमेरिकेतल्या टँपा बे रेज या व्यावसायिक संघाचं उदाहरण तुम्हीच दिलं होतं. १९ मे २०१८ ला एंजल्सविरुद्ध त्यांनी सर्जिओ रोमो या एरवी शेवटी येणाऱ्या पिचरला सुरुवातीला पाठवलं. त्याने पहिल्या इनिंगला तिघांना स्ट्राइकआऊट केलं (चेंडू मैदानात जाऊ न देताच बाद केलं) आणि मग रायन यारब्रोने सहा इनिंगपेक्षा जास्त टाकल्या. त्या मोसमात यारब्रोने सामन्याची सुरुवात फक्त सहा वेळा केली, पण विजय १६ मिळवले. कारण अगदी व्यवहारी आहे. पहिले तीन तगडे बॅटर सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला जातात, त्यामुळे मधल्या गड्याला ते तिसऱ्यांदा भेटायची वेळ लांबते, आणि तिसऱ्या भेटीत बॅटरचा डोळा बसलेला असतो.

नक्कल कशाची करायची नाही, हेही वहीच्या शेवटच्या पानावर आहे. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम मालिकेत) जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरने पाचव्या सामन्यात ११७ चेंडू टाकले आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर सातव्या सामन्यात रिलीव्हर म्हणून पाच इनिंगमध्ये आणखी ६८. जायंट्स ३-२ ने जिंकले. पण तो मोसमाचा शेवटचा सामना होता आणि टाकणारा पूर्ण वाढीचा व्यावसायिक पुरुष. इंदूरकर होळकर संघाच्या सी. एस. नायडूंचं नाव काढतात, १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध ९१७ चेंडू! खरं आहे, पण तो लेगस्पिन होता आणि हात सरळ ठेवून टाकलेला. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून जोराने झटका देतात, ताण कोपराच्या आतल्या लिगामेंटवर (हाडं जोडणाऱ्या बंधावर) येतो. दोन्ही चेंडू एका रकान्यात मोजायचे नसतात.

आता वॉर्म-अपचा रकाना. याचे आभार सगळ्यात जास्त. नियमात फक्त सामन्यातले चेंडू मोजतात, हात मात्र सगळेच मोजतो. वीस-पंचवीस चेंडूंत मधला गडी तयार होतो, त्यातले शेवटचे पाच-सहा पूर्ण जोराने. घोळ होतो तो तयार करून बसवण्यात. दुसऱ्या इनिंगला उठवला, बसवला, चौथीला पुन्हा, पाचवीला पुन्हा: साठ चेंडू गेले आणि वहीत शून्य. तुमचा ‘वॉर्म-अपचे निम्मे धरा’ हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण आम्ही तोच पाळतो. तसंच जानेवारीच्या सकाळी आपली फलंदाजी लांबली की त्याने जॅकेट चढवायचं आणि दोन आऊट झाले की पाच-सहा हलके चेंडू टाकायचे. थंड हाताने दुसऱ्या इनिंगला गेलेला पिचर पहिल्याच बॅटरला वॉक देतो (चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेस देतो).

थकवा ओळखायच्या खुणा तुम्ही समासात पेन्सिलीने लिहिल्या आहेत. उजव्या पिचरचा चेंडू उजव्या बॅटरच्या अंगाकडे आणि वर जायला लागला, कर्व्ह (वळून खाली पडणारा चेंडू) खाली न पडता लटकत राहिला, दोन चेंडूंमधला वेळ वाढला, कॅचरचा (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा) ग्लव्ह मागितल्या जागेवरून हलू लागला. यातल्या दोन दिसल्या की रेघेची वाट बघायची नाही. वेगाचं यंत्र नसलेल्या संघाला कॅचरचा ग्लव्ह पुरतो.

एक छोटी गोष्ट राहिली. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांनुसार ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेला मुलगा त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही, आणि चार इनिंग कॅचर राहिलेला पिचर होऊ शकत नाही. ज्या संघात जोरदार हाताचा मुलगा एकच, तिथे हे हमखास विसरलं जातं. तुम्ही कॅचरच्या नावापुढे काढलेला छोटा चौकोन त्यासाठी आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नवी वही आणली आहे, दोनशे पानी. रेघा तुमच्याच हातच्या हव्यात. या वेळी वॉर्म-अपचा रकाना जरा रुंद आखा, तीनदा उठवलेल्या पोराचे आकडे त्यात मावत नाहीत.

आपले,
मैदानावरची सगळी मंडळी
इंदूर