मावशी, तुम्ही १२१ वं का नाही लिहिलंत?

प्रिय मावशी,
प्रभूमध्ये सलाम.

तुमचं नाव मला माहीत नाही. वॉर्डात सगळे ‘केडगावच्या मावशी’ म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणत राहिलो. आम्हा नगरकरांना केडगाव म्हटलं की आमचंच केडगाव वाटतं. तुम्ही पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, “ते नव्हे रे, दौंडजवळचं. पंडिता रमाबाईंचं.” एवढाच तुमचा पत्ता माझ्याकडे आहे. सातव्या दिवशी मी इंजेक्शनं आणायला खाली मेडिकलात गेलो आणि वर येतो तर तुमच्या मालकांची खाट रिकामी, गादी दुमडून ठेवलेली. सिस्टर म्हणाल्या, मावशी तुमच्यासाठी थांबल्या होत्या, पण गाडीवाला थांबेना.

त्याला आता चार वर्षं होतील. हे पत्र उघड लिहितोय, कारण दुसरा मार्ग नाही. कुणाच्या तरी हातून फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचेल, आणि तुमचे डोळे आता आणखी अधू झाले असतील तर नातवंडं वाचून दाखवतील.

ओळख पटावी म्हणून सांगतो. खिडकीजवळची खाट, सतरा वर्षांचा पोरगा, डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्याच्या खाटेखाली पेपर पसरून झोपणारा मी, त्याचा मामा.

कांद्याचा सीझन होता. नगरहून वाशी मार्केटला मी माझा टेम्पो लावला होता. भाड्याचे दिवस तेवढेच असतात, म्हणून तिसरी रात्र सलग. बहिणीचा पोरगा बारावीचे पेपर संपवून मोकळा होता. “मामा, मी येतो, तेवढीच तुला सोबत,” म्हणाला. सोबत म्हणजे काय, तर ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून बडबड करायची. आळेफाटा सोडला आणि बडबड करणाराच आधी झोपला. ओतूरच्या पुढे, माळशेज यायच्या आधी, रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. डावी बाजू पूर्ण आत गेली. मी उजवीकडे बसलो होतो. मला कपाळाला चार टाके पडले.

दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, “तुझी काय चूक? ट्रॉलीला रिफ्लेक्टरच नव्हता.” आमचे मंडळीतले लोक आले, त्यांनी प्रार्थना केली, बायबलातलं २३ वं स्तोत्र वाचलं आणि जाताना तेच म्हणाले. जबाबात मीही तेच लिहून दिलं होतं, ट्रॉली दिसली नाही. खोटं नव्हतं ते. डोळे मिटलेल्याला ट्रॉली दिसत नाहीच.

हे कुणालाच माहीत नव्हतं. बहिणीला नाही, बायकोला नाही.

आता मला जो प्रश्न चार वर्षं विचारायचाय तो. आमचे वडील प्रत्येक खेपेआधी बॉनेटवर हात ठेवून १२१ वं स्तोत्र म्हणायचे. “मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो” इथून सुरुवात. ते गेल्यावर मीही म्हणायचो, सवय म्हणून, चावी फिरवता फिरवता. त्या रात्रीही म्हटलं होतं. त्यात तिसऱ्याच वचनात आहे की तो तुझा पाय ढळू देणार नाही, आणि तुझा राखणदार डुलकी घेत नाही. मावशी, डुलकी आणि पाय, दोन्ही एकाच वचनात! पोराचा पाय कापला त्या रात्रीपासून ते वचन माझ्या डोक्यात अडकलेल्या कॅसेटसारखं वाजत होतं. तो डुलकी घेत नाही ना, मग माझी डुलकी त्याला दिसली नाही का?

हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. तरी चौथ्या रात्री तुम्ही स्टीलच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढे सरकवलीत, मेडिकलच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहिलेत आणि म्हणालात, “ह्याच क्रमाने वाच. उड्या मारू नको.” ८८, ६, ५१, १३०, १०३. त्यात २३ नव्हतं, १२१ नव्हतं. मी विचारलं, तेविसावं? तुम्ही म्हणालात, “ते तुला पाठ असणार. पाठ असलेलं आत्ता कामाचं नाही.” १२१ बद्दल विचारायची मला हिंमत झाली नाही. तुम्हाला कसं कळलं? ड्रायव्हरच्या घरात ते म्हणतात म्हणून? की माझ्या कपाळावरची पट्टी बघून तुम्ही अंदाज बांधलात?

८८ वं मी जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं. पुन्हा वर येऊन तुमच्यावर जवळजवळ ओरडलोच, कारण ते संपतच नाही. बाकीची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी कुठेतरी स्तुतीला येतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शब्बाथशाळेत तसंच शिकवायचे. हे स्तोत्र अंधारात जातं आणि तिथेच थांबतं. मित्र दूर गेले, सोबतीला काळोख राहिला, बस. मी म्हटलं, असलं शास्त्रात कशाला ठेवलंय?

तुमचं उत्तर मी जसंच्या तसं सांगू शकतो. तुम्ही म्हणालात, “ज्या बाईने, रमाबाईंनी, हे आमच्यासाठी साध्या मराठीत आणलं ना, तिचे आईबाप दुष्काळात उपाशी गेले. नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेला. १९२१ ला एकुलती एक लेक मनोरमा गेली. पुढच्या वर्षी एप्रिलात बाई स्वतः गेल्या. त्यांचं मराठी बायबल १९२४ ला मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं, तेव्हा बघायला दोघी नव्हत्या. तिने ८८ वं गाळलं नाही. तूही गाळू नको.” मग तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी ज्या मुली आणल्या त्यातली ती एक. जेवायला बसली की ताटाभोवती हात धरून बसायची, म्हातारी होईपर्यंत.

त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. ८८ वं वाचून झोप लागली असं कुणाला सांगितलं तर हसतील. पण देवाकडे तोंड करून एवढा काळोख बोलता येतो, आणि त्याबद्दल कुणी तुम्हाला पुस्तकातून काढून टाकत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

६ वं छोटं आहे. रोज रात्री अंथरूण आसवांनी भिजतं असं त्यात आहे. मी पेपरावर झोपत होतो, त्यामुळे मी ते पटकन ओलांडलं.

५१ व्यावर मी अडलो. त्याचा वरचा मथळा तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलात. दावीद राजा बथशेबेपाशी गेल्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचं. दाविदाने बाईसाठी तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे उभं करून मारवलं होतं. आणि तोच माणूस म्हणतो, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं. मी म्हटलं, मावशी, हे मला पटत नाही. उरीया मेला त्याचं काय? “केवळ तुझ्याविरुद्ध” कसं? तुम्ही चष्मा काढून पुसलात, बराच वेळ पुसत राहिलात, आणि विचारलंत, “तुझा उरीया कोण आहे?”

मग मी सांगितलं. तिसरी रात्र, जड झालेले डोळे, आळेफाट्याला चहाला थांबायचं ठरवून न थांबणं, कारण वाशीला आधी पोचणाऱ्याचा माल आधी उतरतो. सगळं. तुम्ही ‘असू दे’ म्हणाला नाहीत. ‘तुझी काय चूक’ म्हणाला नाहीत. त्याबद्दल तुमचे जन्मभर उपकार. तुम्ही फक्त पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत, “तू आपल्या वात्सल्यास अनुसरून...”, आणि म्हणालात, “माझ्या लायकीनुसार असं नाही म्हणत तो. तुझ्या वात्सल्यानुसार. मापच बदलतो.”

‘वात्सल्य’ हा शब्द मी शंभरदा वाचला असेल, त्यात वत्स आहे, वासरू आहे, हे तोवर कधी सुचलं नव्हतं. आमच्या घरी गाई होत्या. वासरू चिखलात लोळून आलं तरी गाय त्याला आधी चाटते. पुढे आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं की त्याच वचनात पुढे जो ‘करुणा’ शब्द येतो, त्याचं मूळ इब्री (हिब्रू) भाषेत आईच्या उदराशी जोडलेलं आहे. म्हणजे एका ओळीत गाय आणि आई दोन्ही! मराठी करणाऱ्याने आणि मूळ लिहिणाऱ्याने दोन वेगळ्या बाजूंनी येऊन एकच जागा गाठली म्हणायची.

पण तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाहीत. जाताना, म्हणजे तुमच्या खाटेकडे वळताना, म्हणालात, “दाविदाला क्षमा झाली, तरी बथशेबेला झालेलं ते लेकरू सातव्या दिवशी गेलंच, हेही वाच. देवाला सांगितलंस, बरं केलंस. पोराला आणि त्याच्या आईला कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शनं घेऊन वर आलो तेव्हा तुम्ही गेला होतात.

बहिणीला सांगायला मला अकरा दिवस लागले. तिने ऐकून घेतलं आणि उठून गेली. पुढची दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. राखीला पाकीट यायचं, आत राखी असायची, चिठ्ठी नसायची. पोलिसांकडे जाऊन खरा जबाब दिला, पुढे कोर्टात जे व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत बसत नाही. भाचा मात्र ऐकून एवढंच म्हणाला, “मामा, मी पण झोपलो होतो.” त्याने मला माफ केलं की मला रडू आणलं, अजून समजत नाही.

त्या दोन वर्षांत १३० वं माझं रोजचं झालं. खोल जागेतून मारलेली हाक आहे ती. तू अपराध मोजायला बसलास तर कोण उभा राहील, असं तो विचारतो, आणि लगेच म्हणतो की तुझ्याजवळ क्षमा आहे. मग पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी येतात, तेही दोनदा, त्याच शब्दांत. रात्रीच्या ड्रायव्हरला ते दोनदा का म्हटलंय हे समजावून सांगावं लागत नाही. साडेतीनला वाटतं आता उजाडेल. चारला परत वाटतं.

मी आता टेम्पो चालवत नाही, विकला. गावातच दुधाची गाडी आहे, सकाळी सहानंतरची.

१०३ व्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. आम्ही केवळ माती आहोत हे तो आठवतो, असं त्यात आहे. लहानपणी हे ऐकून मला अपमान वाटायचा. आता वाटतं, त्याला माहीत आहे की माणसाला झोप लागते. माझी चूक त्याने कमी केली नाही. पण मी कशाचा बनलोय हे त्याच्या लक्षात आहे.

आणि १२१? ते मी तीन वर्षं टाळलं. मग एकदा पाळकसाहेबांकडून कळलं की १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं एकाच माळेतली, आरोहणस्तोत्रं, यरुशलेमला वर चढत जाताना यात्रेकरू म्हणायचे ती. आपल्याकडे दिंडीत चालता चालता अभंग म्हणतात तसंच की. म्हणजे माझं १३० वं आणि वडिलांचं १२१ वं एकाच वाटेवरची निघाली. मी त्या वाटेने उलटा उतरत होतो, एवढंच. रोज एक मागे. १२९, १२८... १२२ पाशी येऊन थांबलो. पुढे जाववेना.

मागच्या नाताळच्या आठवड्यात बहिणीच्या घरी संध्याकाळची प्रार्थना होती. तिने बोलावलं होतं, फोन करून, स्वतः. वाचनाची पाळी भाच्याची. तो आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, जयपूर फूटवर सायकलही मारतो. त्याने शास्त्र उघडलं आणि १२१ वं सुरू केलं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण मधे माणसं बसलेली. “तो तुझा पाय ढळू देणार नाही” इथपर्यंत आला आणि थांबला. खाली वाकला, त्या पायावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “हा तर आता ढळणारच नाही, नटबोल्ट आहेत.”

कुणाला कळेना हसावं की काय करावं. पाळकसाहेब चष्मा सारखा करत राहिले. आधी हसली ती माझी बहीण. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं.

त्याने स्तोत्राचा उरलेला भाग वाचून पूर्ण केला. मला शब्द नीट ऐकू आले नाहीत.

तुमची पावती माझ्या लायसनच्या कव्हरमध्ये आहे. पेन्सिल पुसट झाली म्हणून मी आकडे पेनाने गिरवून घेतलेत, रागावू नका. खाली जागा होती, तिथे १२१ लिहिलंय, माझ्या अक्षरात. तुम्ही ते मुद्दाम सोडलं होतंत की विसरला होतात, हे एकदा कळवा.

आणि डबा माझ्याकडेच राहिलाय. झाकणावर आतून तारखेसह तुमच्या सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे, त्यावरून तुम्ही तो ओळखाल. मालकांना सलाम सांगा.

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेखालचा मामा