कोपऱ्यावरच्या फळ्यामागच्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि तो फळा रोज वाचणाऱ्यांना ते सांगायची गरजही नाही.

रस्ता खोदणार हे आम्हाला कळलं ते खोदायच्या आवाजानं. आधी एक सूचना लागली होती खरी: 'काम चालू आहे, सहकार्य करावे.' कसलं काम, किती दिवस, जायचं कुठून? काही नाही. त्याच आठवड्यात बाबांना डायलिसिसला न्यायला आलेली गाडी चरापाशी अडकली. मागे वळवायला जागा नाही. आठवड्यातून तीन खेपा, प्रत्येक वेळी चारेक तास यंत्रावर. एकही चुकवून चालत नाही. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून नुसते घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी तुमचा फळा लागला. खडूनं काढलेला नकाशा. त्यात पूर्व-पश्चिम नव्हतं. 'तुम्ही दवाखान्याकडे तोंड करून उभे आहात' इथून सुरुवात. एका बाणावर 'दुचाकी जाईल, चारचाकी नाही'. खाली 'आज सहा वाजता चालून पाहिलं'. आणि शेवटची ओळ, 'उद्या पाणी येईल का, माहीत नाही. कळलं की लिहिते.' त्या 'माहीत नाही'मुळे माझा बाकीच्यावर विश्वास बसला. पुढे एकदा तुमचा बाण चुकला, तेव्हा तो गुपचूप पुसला नाहीत. काट मारून शेजारी लिहिलंत, 'काल चुकलं.'

काँक्रीट पडल्यावर तर गंमतच. वरून कडक दिसतंय ना, मग अडवता कशाला, म्हणत लोक बॅरिकेड सरकवून स्कूटर घालायचे (मीही एकदा घातली, आज कबूल करतो). तुम्ही मुकादमांना विचारून आलात आणि लिहिलंत: काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंटची पाण्याशी क्रिया होऊन होतं, म्हणून तर त्यावर ओली गोणपाटं, पक्की ताकद धरतात ती 28 दिवसांची. कारण कळल्यावर बॅरिकेड जागचं हललं नाही. उलट पहिल्या मजल्यावरचे आजोबा गोणपाट सुकलं की खिडकीतून ओरडायला लागले.

फुटपाथवरच्या उठावाच्या पिवळ्या फरश्या मला शोभेच्याच वाटायच्या. लांब पट्ट्या म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे बघा, हे तुमच्याकडून कळलं. खोदताना त्या उखडल्या गेल्या, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना तुमचा फळाही उपयोगाचा नाही. म्हणून शेजारच्या मावशींना हाताला धरून तुम्ही नव्या वाटेनं दोनदा नेऊन आणलंत. तिसऱ्यांदा त्या एकट्या गेल्या. तुम्ही दहा पावलं मागे होतात, त्यांना न सांगता.

फळ्याच्या उजव्या कडेला 'उद्या कोण मोकळं?' असा रकाना होता. बाबांची खुर्ची चरावरच्या फळीवरून पलीकडे नेणारी चार पोरं मला तिथेच मिळाली. त्यांतल्या दोघांना मी आधी फक्त गाडी आडवी लावतात म्हणून ओळखत होतो.

आता रस्ता झाला. बाबा म्हणतात, मनापासून आभार सांग, आणि फळा काढू नका म्हणावं. सोमवारपासून मागची गल्ली एकेरी होणार असं कानावर आलंय. खरं आहे का ते? तुम्ही लिहिलंत की गाडीवाल्याला कळवतो.