शिमग्याची रजा

पुणे,
12 जुलै 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी बरी आहे. फोनवर हे बोलणं जमलं नसतं. बाबा "बरी आहेस ना? घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, आणि तू आई, पाऊस किती पडला इथपासून सुरू करतेस ते शेजारच्या गाईपर्यंत जातेस. म्हणून लिहायला बसले.

शिमग्याला आले ती वीस दिवस राहिले. घरून काम करायची परवानगी आहे, असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. आई, तुला संशय आलाच होता. चौथ्या दिवशी केर काढताना लॅपटॉपची बॅग उचललीस आणि म्हणालीस, "हिची चेन तरी उघड गो, आत मुंग्या व्हायच्या." ती रजा आजारपणाची होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली. आणि ते डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ होते.

झालं असं. आमच्याकडे रात्री काही बिघडलं की ज्याची पाळी असेल त्याला फोन येतो. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यामुळे माझी फोनची पाळी महिन्यातून एकदा यायची ती दर दुसऱ्या आठवड्याला यायला लागली. पुढे पुढे फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटायचा. जानेवारीत एका रात्री पार्किंगच्या जिन्यात छाती भरून आली, हात गार पडले, बोटांना मुंग्या. मला वाटलं, आजोबांसारखा हार्टअटॅक. वॉचमनकाकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात छातीला गार जेल फासून ईसीजी काढला, तो अगदी चांगला आला. ड्यूटीवरची डॉक्टर माझ्याहून लहान असेल. म्हणाली, "ताई, हृदय ठणठणीत आहे. झोप किती होते?" त्यावर मी जी रडले, ते विचारू नका.

आता ऑफिसचं. तुम्हाला वाटतं, एवढी मोठी कंपनी, केवढ्या सोयी. आहेत खऱ्या. दर सोमवारी 'तणावमुक्त राहा' अशी मेल येते, तीही रात्री साडेनऊला. ध्यानाचं एक ॲप फुकट दिलंय, त्यात समुद्राची गाज ऐकू येते. अंजर्ल्यात वाढलेल्या मुलीने ती गाज कानात खुपसून झोपायचं! दिवाळीआधी एक व्याख्यान ठेवलं होतं, तेही जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे त्या दिवशी जेवण बुडालं.

पण एक गोष्ट कामाला आली. आमच्या ओळखपत्राच्या मागे एक नंबर छापलेला असतो, समुपदेशकाचा. तीन वर्षं गळ्यात घालून फिरले, कधी उलटून पाहिला नव्हता. वर्षाला सहा भेटी फुकट, फोनवर किंवा समोर बसून. पहिली भीती हीच, की साहेबाला कळलं तर? तीनदा विचारून घेतलं. ऑफिसला फक्त आकडा जातो, या महिन्यात किती जणांनी फोन केला तेवढाच. नावं जात नाहीत. त्या समुपदेशक बाईंनीच डॉक्टरांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, झोप आली. आणि खरं सांगायचं तर गोळ्यांइतकाच गुण आला तो नव्या मॅनेजरने रात्रीची पाळी काढून घेतली त्याने. ते कुठल्याही सोयींच्या यादीत नाही.

आई, खर्चाचं तू विचारणारच. तुझ्या मोतीबिंदूला ऑफिसच्या विम्याचं जे कार्ड चाललं, ते याला नुसत्या तपासणीसाठी चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात लिहिलंय, की विमा कंपनीने मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायचा. पण आमच्या पॉलिसीत दोन्हीकडे दवाखान्यात भरती झालं तरच पैसे मिळतात. डॉक्टरांचे दर खेपेचे 1,200 आणि गोळ्या माझ्या खिशातून. झेपतंय, काळजी नको.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण बाबा, तुम्ही आहात.

शिमग्यात मी पडवीत झोपायचे तेव्हा रोज तीन-साडेतीनला तुमची बॅटरी वाडीत फिरताना दिसायची. एका रात्री मागे आले. तुम्ही एकेक पोफळ हाताने चाचपत मोजत होतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्याला पाच वर्षं झाली. सरकारने हेक्टरी 50 हजार जाहीर केले, म्हणजे आपल्या वीस गुंठ्यांना दहा हजार. आडव्या पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. दापोलीहून रोपं आणलीत, लावलीत, शिंपलीत. आता पहिले घोस दिसायला लागलेत, तर लोक म्हणतात, सावरले हो. पण जून लागला, माडांत वारा शिरला, की तुमचं पान अर्धं राहतं. मृदंग खुंटीला आहे, डाव्या तोंडावरची कणीक वाळून तडकली आहे. भजनाला कोणी बोलवायला आलं की तुम्ही मागच्या दाराने वाडीत जाता.

मी जिन्यात जे अनुभवलं आणि तुम्ही पहाटे तीनला जे करता, ते एकाच घरातलं आहे, असं मला वाटतं.

तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे: "मला काय रत्नागिरीला, वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं आहे काय?" आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की हेच म्हणतात, मीही म्हटलंय. आता म्हणवत नाही.

तर ऑफिसच्या त्या समुपदेशनाच्या सोयीत आई-वडीलही येतात. मी ऑफिसला विचारून घेतलंय, तुमच्या वेगळ्या सहा. मराठीत बोलणाऱ्या बाई आहेत. नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. माझ्या ऑफिसचा उपकार नको असेल तर सरकारचा टेली-मानस हा मनाच्या त्रासासाठीचा फोन आहे, 14416, ऑक्टोबर 2022 पासून चालू. फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि पहाटे तीनलाही उचलतात. तुमची वेळ तीच, म्हणून सांगितलं. फोन करायचा तर वरच्या अंगणात फणसाखाली रेंज मिळते.

आई, मामाच्या धाकट्यालाही सांग. लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे आहे, झोप नाही, चिडचिड करतो असं मामी म्हणत होती. पगार 21 हजारांच्या आत असेल तर त्याचे ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पैसे कापत असणार, त्याचे 0.75 टक्के, आणि मालक वरून 3.25 भरतो. स्लिप बघायला सांग. ईएसआयच्या डॉक्टरांनी आजारपणाची रजा लिहून दिली तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. खाडा होईल म्हणून तो दवाखान्याची पायरी चढत नाही, तर त्याला हे माहीत असू दे.

मी सकाळी टेकडीवर जाते, गोळ्या अजून चार महिने आहेत. कड्यावरच्या गणपतीला नवस बोलली असशील तर मोदक माझ्या हातून होऊ दे.

27 ऑगस्टला गणपती. मी 25 ला रात्रीच्या गाडीने निघते, लॅपटॉप आणणार नाही. बाबा, आरतीला मृदंग लागेल. शाई उडाली असेल तर दापोलीपर्यंत कुणी जाणार असेल त्याच्याबरोबर देऊन पुण्याच्या एसटीने पाठवून द्या. इथे भरून घेते आणि येताना घेऊन येते.

तुमची,
चिमी