सगळ्याच गोगलगायी पिकाच्या वैरी नाहीत

महोदय,

पाऊस लागला की सोयाबीन अन् संत्र्यात शंखी गोगलगायींचा उच्छाद सुरू होतो, आणि धुऱ्याधुऱ्यावर विषारी गोळ्या पडतात. ही गोगलगाय मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये ती कोलकात्यात आली. तिचा बंदोबस्त हवाच, पण गोळीला देशी-परकी कळत नाही. सह्याद्रीत आढळणारी सायक्लोफोरस प्रजाती बघा: अंग आत घेतलं की शंखाचं तोंड गोल झाकणानं घट्ट बंद. डोळे शिंगांच्या टोकाला नव्हे, बुडाशी. खाणं मुख्यतः कुजका पालापाचोळा. शंखी गोगलगायीला असं कायमचं झाकण नसतं, एवढी खूण पुरे. मेळघाटच्या जंगलाला लागून असलेल्या वावरांत तरी सरसकट गोळ्या नकोत. सायंकाळी हातमोजे घालून शंखी गोगलगायी वेचाव्यात. कृषी सहायकांनी ही ओळख पेरणीआधीच गावोगावी करून द्यावी.

– एक शेतकरी, ता. अचलपूर, जि. अमरावती